सेलेने आणि चंद्रमा

'सेलेने' या ग्रीक शब्दाशी माझी पहिली ओळख रसायनशास्त्राच्या पुस्तकात झाली. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाला १८१७ मध्ये टेल्युरियमशी मिळतेजुळते एक मूलद्रव्य सापडले, आणि टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडलेले असल्यामुळे त्याने या भावंडाला चंद्राचे नाव देऊन सेलेनियम म्हटले. सेलेने म्हणजे चंद्र, एवढ्यावर मी बरीच वर्षे समाधानी होतो.

पण हा शब्द मुळात चंद्राचा नव्हेच, तो झळाळीचा आहे. ग्रीकमध्ये 'सेलस' म्हणजे तेज. त्यावरून सेलेने, म्हणजे तेजस्विनी. (आपला चांदोबा मामा, ग्रीकांची ही देवी.) प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस या नावाची फोड करताना त्यात 'नवा' आणि 'जुना' हेही शब्द कोंबतो, कारण चंद्राचा प्रकाश सदैव नवा आणि जुना असतो. ही ओढाताण गमतीची आहे, पण 'सेलस' मात्र त्याने अचूक पकडला होता.

चंद्राचा जुना ग्रीक शब्द होता 'मेने'. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात रथांच्या शर्यतीत पुढे असलेला घोडा दुरूनच ओळखू येतो, कारण तो अंगाने सगळा तांबूस असून त्याच्या कपाळावर चंद्रासारखा वाटोळा पांढरा ठिपका आहे. तेथे होमर 'मेने' म्हणतो. त्याच काव्यात अकिलिस या वीराच्या ढालीवरचा पूर्णचंद्र मात्र 'सेलेने' आहे. ग्रीकमध्ये 'मेन' म्हणजे महिना, आणि आपला 'मास' तसेच फारसीतून आलेला 'महिना' हे या शब्दांचे सगोत्र आहेत.

येथे मला पुरुषसूक्तातले 'चंद्रमा मनसो जातः' आठवते. वेदांत 'चंद्र' हे 'चमकणारा' अशा अर्थाचे विशेषण आहे आणि 'मास्' हा चंद्र, म्हणजेच ग्रीकांच्या 'मेने'चा भाऊ. ग्रीकांनी जुना शब्द हळूहळू बाजूला सारून तेजाचा शब्द पुढे आणला, लॅटिनच्या 'लुना'च्या मुळाशीही प्रकाशच आहे. संस्कृतने मात्र 'चंद्रमस्' या एका शब्दात दोघांनाही शेजारी बसवले. मराठीत पुढे विशेषणच चंद्र होऊन बसले आणि 'मास' पंचांगात गेला.

आजच्या ग्रीसमध्ये सेलेनेही ग्रंथांपुरती आणि शास्त्रापुरती उरली आहे. रोजच्या बोलण्यात चंद्राला 'फेंगारी' म्हणतात, आणि तो शब्द आला 'फेंगोस'वरून, म्हणजे पुन्हा प्रकाशावरूनच.