तीनशेचा हिशोब

डॉक्टर म्हणाले चार नाही, एकच गोळी द्यायची रोज, आणि मला हायसं वाटलं. आईसाठी नाही, पैशांसाठी. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

कारण तसं साधंच आहे. व्हेनेटोक्लॅक्सचा, म्हणजे आईच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या या गोळीचा, नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या, पण आईला बुरशीचं इन्फेक्शन होऊ नये म्हणून व्होरिकोनॅझोल चालू आहे, आणि ते असलं की लिव्हरला ही गोळी लवकर मोडता येत नाही, ती रक्तात साचत राहते, म्हणून १०० वरच भागतं. म्हणजे उपचारात काटकसर अजिबात नाहीये. हे सगळं तिथेच नीट समजावलं त्यांनी. पण समजायच्या आधीच माझा तीनशेचा हिशोब होऊन गेला होता ना, त्याचं काय?

रात्री परत ती २०२० मधली ट्रायल वाचत बसले, वय झालेल्या किंवा मोठी केमो न झेपणाऱ्या पेशंटची. अझासिटिडिनच्या, म्हणजे आईला देतात त्या इंजेक्शनच्या, जोडीला ही गोळी दिली त्यातले निम्मे लोक १४.७ महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या इंजेक्शनवाल्यांत तोच आकडा ९.६. फरक पाच महिन्यांचा. आणि मी महिन्याला किती वाचतील ते मोजतेय. दादाला लिंक पाठवली, ब्लू टिक आल्या, बाकी काही नाही. असो.

अशी कधीपासून झाले मी? बाबांच्या वेळी तर... नको तो विषय.

शेवटी सकाळी आईलाच सांगून टाकलं, की एका गोळीवर भागतंय म्हटल्यावर मला बरं वाटलं. ती पोटावरच्या इंजेक्शनच्या लाल चट्ट्यांना खोबरेल लावू का विचारत होती (नको म्हटलं, नर्सला विचारू आधी). म्हणाली, "मग? वाईट वाटायला हवं होतं का?" जिने जन्मभर कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या फुकट घेतल्या तिच्यापुढे मी कसली अपराधी वाटून घेतेय!

आज रविवार, हॉस्पिटलचं डेकेअर बंद, उरलेली दोन इंजेक्शनं उद्या-परवा. आईने चष्मा लावून सगळी बिलं पुढ्यात घेतली. "ती बुरशीची गोळी केवढ्याला पडते गं? ती धरलीस का तुझ्या हिशोबात?"