गाण्यांच्या मैदानात विज्ञानाचा मंडप: तीन दिवसांचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गेल्या मोसमात आम्ही चौघं एका खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवात तीन दिवस हवामानबदलाचा मंडप लावून बसलो होतो. परत आल्यापासून "आम्हालाही जायचंय, काय काय न्यायचं?" अशी विचारणा सुरू आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कल्पना आमची नाही. वेल्समधल्या ग्रीन मॅन महोत्सवातला 'आइन्स्टाइन्स गार्डन' हा विज्ञानाचा कोपरा प्रसिद्ध आहे. २०१६ साली सुरू झालेला ब्लूडॉट महोत्सव तर इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक या वेधशाळेत, ७६ मीटर व्यासाच्या लव्हेल रेडिओ दुर्बिणीच्या साक्षीने भरत आला. हे वाचूनच आम्ही आयोजकांना पत्र लिहिलं. पत्र काही महिने आधी जाऊ द्या, आणि त्यात ज्योत, गॅसचं नळकांडं, काचेची भांडी, वीज किती लागेल, हे सगळं स्पष्ट लिहा. आम्ही मेणबत्तीचा उल्लेख केला नव्हता. पहिल्याच सकाळी सुरक्षा पाहणीत मंडपात ज्योत चालणार नाही असं सांगितलं गेलं, आणि ते योग्यच होतं. एक प्रयोग तिथेच गुंडाळावा लागला.

पहिला दिवस जवळजवळ वाया गेला. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेतल्या मोजमापांचा आलेख मोठा छापून दर्शनी लावला होता: १९५८ मध्ये हवेत दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५, आता ४२० च्या वर. माझ्या मते विज्ञानातला हा सर्वांत महत्त्वाचा आलेख आहे. लोक त्याच्याकडे बघत आणि पुढे जात. जागाही चुकली होती. रंगमंचाच्या इतक्या जवळ की टेबलावरच्या बाटल्या ठेक्यावर थरथरत होत्या आणि दोन वाक्यांत घसा बसत होता.

दिवस वाचवला तो ध्वनिमापकाने. तो आम्ही स्वतःच्या कानांच्या काळजीपोटी नेला होता. आकडा ९७ दाखवत होता आणि येणारा जाणारा वाकून विचारायचा, "किती आहे?" मग सांगायचं: ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते म्हणून वेळ निम्मा करायचा. ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. लोक बोटांवर हिशेब करायचे आणि कानाकडे हात जायचा. इअरप्लग भरपूर न्या, ते आधी द्या. ज्याच्या कानांची तुम्ही काळजी केलीत तो पुढचं ऐकायला थांबतो. आवाजापासून सुरुवात करायची हे आम्हाला तिथे उमगलं, आणि पुढचे दोन दिवस तसेच गेले.

दुसऱ्या दिवशी विनंती करून मंडप पिण्याच्या पाण्याच्या नळांच्या वाटेवर हलवला. रांगेतल्या माणसाकडे वेळ असतो आणि हात मोकळे असतात. जागा मागताना हीच मागा.

सर्वांत जास्त गर्दी ओढली उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत हात घाला: डोळ्यांना काही दिसत नाही, पडद्यावर मात्र पाचही बोटं लख्ख. मग चष्मा लावून उभं राहा. आरपार दिसणारी काच पडद्यावर काळीकुट्ट. एक मुलगा वडिलांचा चष्मा काढून, परत लावून, पुन्हा काढून बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे उजेड जातो, पण गरमी अडते?" कार्बन डायऑक्साइड हेच करतो, फक्त ठरावीक तरंगलांबींपुरतं. एवढं वाक्य त्याच्याकडूनच आलेल्या वाक्यावर ठेवायचं, बस. भर उन्हात पडदा दिसत नाही; सावली हवीच.

एक सूचना मनापासून. दोन बाटल्या, एकीत कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, असा प्रयोग बरेच जण नेतात. नेऊ नका. त्या बाटलीतलं तापमान वाढतं ते मुख्यतः वायू जड असल्यामुळे आतलं अभिसरण मंदावतं म्हणून. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. रांगेत कुणीतरी भौतिकशास्त्राचा शिक्षक असतोच, आणि नसला तरी लोकांना खरं तेच दाखवायला हवं. त्याऐवजी ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या आम्लता दाखवणाऱ्या रंगाच्या निळ्या पाण्यात नळीने फुंकर मारू द्या. श्वासातल्या वायूने पाणी आम्लतेकडे झुकतं, निळ्याचं हिरवं आणि मग पिवळं होतं. हवेतला हाच वायू शोषून आम्लतेकडे झुकणाऱ्या समुद्राची गोष्ट तिथून सुरू होते. लहान मुलं ओढून घेतात म्हणून नळीला मध्ये भोक पाडा आणि शेजारी कायम एक माणूस उभा ठेवा.

आमचं सगळ्यात लाडकं साहित्य म्हणजे शिवलेलं कापड. रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या तापमानपट्ट्या (दर वर्षाची एक पट्टी, गार वर्ष निळं, गरम वर्ष लाल) आम्ही कापडावर उतरवल्या: दर वर्षाला तीन सेंटिमीटर, १८५० ते २०२४, म्हणजे सव्वापाच मीटर. लोक आपलं जन्मवर्ष शोधतात. १९९२ ची एक तरुणी थबकली. "माझी पट्टी शेजारच्यांपेक्षा फिकी कशी?" कारण जून १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, गंधकाचे सूक्ष्म कण वर उंच पसरले आणि पृथ्वी काही काळ साधारण अर्धा अंश गार झाली. लगेच तिचा पुढचा प्रश्न: मग आपणच असे कण सोडले तर? अर्धा तास बोललो. कण दोन-तीन वर्षांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, आणि समुद्राची आम्लता यातून कमी होत नाही. रांगेतले चौघं तिच्यामागे पाणी भरायचं विसरून ऐकत उभे होते.

रात्री मंडप आवरताना जनरेटर सांभाळणारा माणूस आला. कॅमेरा मागितला, आपल्या यंत्राकडे धरला. म्हणाला, "दादा, गाणं थांबलं तरी हे रात्रभर चालतं. थोड्या दिव्यांसाठी एवढं मोठं यंत्र." कमी भारावर डिझेल वाया जातं, सोबत बॅटरी असली तर यंत्र तासन्‌तास बंद ठेवता येतं, हे त्याने आम्हाला समजावलं. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने टिंडल सेंटर या हवामानबदलावरच्या संशोधन संस्थेकडून दौऱ्यांच्या उत्सर्जनाचा अभ्यास करून घेतला होता. २०२१ मध्ये आलेल्या त्या अहवालात वीज, प्रवास, जागा असा सगळा विचार आहे. तो मी वाचलेला होता. त्यातली विजेची बाजू मला कळली ती त्या माणसाशेजारी उभं राहून. म्हणून कामगारांसाठी एक वेळ राखून ठेवा, पहाटेची किंवा शेवटचं गाणं संपल्यानंतरची.

प्रेक्षकांच्या प्रवासाचा विषय निघतोच, कारण बहुतेक महोत्सवांच्या हिशेबात तोच मोठा वाटा असतो. "तुम्ही कसे आलात?" हा प्रश्न आम्हाला किमान वीसदा आला. आम्ही रेल्वेने, सगळं साहित्य चार पाठपिशव्यांत घेऊन गेलो होतो, त्यामुळे उत्तर देता आलं. मंडप एवढाच करा की तो पाठीवर मावेल.

पत्रकं अजिबात नको. संध्याकाळी ती चिखलात सापडतात. माणसं किमान चार, दोन तासांनी पाळी बदलायची, बोलून झाल्यावर घशाला खरी विश्रांती. कागद वाऱ्याने उडतो आणि पावसाने विरघळतो, कापड टिकतं. फक्त उजव्या टोकाला हातभर जागा कोरी सोडा. आम्ही ती सोडली नव्हती, आणि आता पुढच्या पट्ट्यांसाठी नवा तुकडा जोडायचं काम चालू आहे.