आमची वाटचाल: आंब्याच्या पानाचा अर्क

आंब्याच्या पानाचा अर्क काढणारे आमच्या आधीही होते. पण त्यातलं मँजिफेरिन, म्हणजे पानातलं मुख्य अँटिऑक्सिडंट, शाबूत ठेवून माल देणारे किती, ते धंद्यातल्यांनीच सांगावं.

सुरुवात एका जुन्या रोटाव्हॅपवर झाली, म्हणजे व्हॅक्यूमखाली कमी उष्णतेत अल्कोहोल उडवून अर्क घट्ट करणाऱ्या यंत्रावर. सीलमधून हवा शिरायची, व्हॅक्यूम उतरायचा. अशा वेळी लोक सरळ बाथ, म्हणजे खालचं गरम पाणी, आणखी तापवतात. आम्ही ५० अंशांच्या वर कधी गेलो नाही, मग अल्कोहोल उडायला रात्र का होईना. आता मोठं यंत्र आहे, तरी सॅम्पल मी त्या जुन्यावरच काढतो.

मधली बरी वर्षं सोडून देतो. सांगायचंय ते त्या स्पर्धकाचं. त्याचा डीपीपीएचचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आमच्याहून कितीतरी सरस आणि भाव कमी. एकेक गिऱ्हाईक गळालं, पगार थकले, 'तुमचा अर्क कमजोर' हे तोंडावर ऐकून घेतलं. डीपीपीएचचं जांभळं द्रावण पिवळं पडलं की ५१७ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण घटतं, आणि जितकं घटेल तितका अर्क जोरदार धरतात, ठीक. पण ते पिवळं कशानं पडलं, हे चाचणी सांगत नाही. व्हिटॅमिन सी मिसळलं तरी रिपोर्ट झळकतो. अर्कातली फीनॉल गटातली द्रव्यं मोजणाऱ्या फोलिन चाचणीचंही तेच, तिथे तर साखरसुद्धा फीनॉल म्हणून खपते.

क्रीम बनवणाऱ्या एक बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी दोन्ही सॅम्पलं एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, टाकली. आमच्यात मँजिफेरिनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, ठसठशीत; त्याच्यात तो नावाला, आणि सुरुवातीलाच व्हिटॅमिन सीचा भलामोठा. बाईंचा फोन आला, "पुढच्या लॉटचे पैसे आगाऊ पाठवते, आधी माणसांचे पगार करा."

बाकीचे नंतर परतले. चुकलं म्हणून एकानंही म्हटलं नाही.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. आयसी-५०, म्हणजे चाचणीतला रंग निम्मा उतरवायला लागणारं अर्काचं प्रमाण, जितका कमी तितका अर्क जोरदार, मोठा आकडा बघून भाळू नका. त्याच दिवशी, त्याच द्रावणावर तपासलेल्या प्रमाण नमुन्याचा, म्हणजे ताकद माहीत असलेल्या शुद्ध द्रव्याचा, आकडा मागा. पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे भर म्हणून घातलेली स्टार्चची पूड, किती, तेही विचारा. आणि परीक्षानळीतला गुण शरीरात तसाच उतरतो असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं याच कारणानं २०१२ मध्ये आपली ओआरएसीची, म्हणजे खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची, यादी मागे घेतली. आम्ही हे माहितीपत्रकात छापतो. विक्री बघणारा पोरगा दरवेळी म्हणतो, "काका, एवढी ओळ काढा ना." काढत नाही.