सगळी सोंगं आणता येतात, उजेडाचं सोंग आणता येत नाही

परवा फोटोग्राफी शिकणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. तिने हिरवा पडदा घेतलाय, स्टँड घेतलेत, दोन लाईट घेतलेत आणि आता प्रश्न एकच, "ताई, कुठलं ॲप वापरू म्हणजे बॅकग्राउंड नीट बदलेल?" मी व्हॉइस नोट करायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली आणि तरी अर्ध्यावरच होते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते, अजून कोणाच्या तरी कामी येईल.

तर ॲपचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. पहिला प्रश्न असा की मागे काय लावणार आहेस आणि त्या मागच्या फोटोत उजेड कुठून येतोय. हे शूट करायच्या आधी ठरलेलं नसेल तर नंतर कितीही सुंदर कटिंग करा, म्हणजे माणूस पडद्यावरून कापून घ्या, तो चिकटवलेलाच दिसतो. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतंच.

मला हे कळलं ते पहिल्याच इव्हेंटला. फोटोबूथचं काम होतं, म्हणजे लोक येणार, क्रोमासमोर, म्हणजे ज्याचा रंग सॉफ्टवेअर नंतर काढून टाकतं त्या हिरव्या पडद्यासमोर, उभे राहणार, लॅपटॉपवर बॅकग्राउंड बदलणार आणि दहा-पंधरा सेकंदात प्रिंट हातात. बॅकग्राउंड कुठली ते आयोजकांनी ऐनवेळी पेन ड्राइव्हवर आणून दिलं, त्यात समुद्रावरचा सूर्यास्त, बर्फाचे डोंगर, चंद्र, असं सगळं. माझे लाईट मात्र ठरलेले, डावी-उजवीकडे छत्री लावलेला एकेक लाईट, दोन्ही सारख्या पॉवरला. झालं काय, सूर्य पाठीमागे बुडतोय आणि लोकांच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी टळटळीत दुपार. शंभरेक प्रिंट निघाल्या, सगळे खूश होऊन घेऊन गेले, आणि मी घरी येऊन फाइल्स बघत तोंड लपवत बसले. (खरं सांगायचं तर फोटोबूथला हे चालून जातं, तिथे लोकांना गंमत हवी असते, चंद्रावर उभं राहिल्यावर लाईट बरोबर आहे का कोण बघतंय. पण पोर्ट्रेटला नाही चालत.)

त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला. एक आजोबा आले, पांढरेशुभ्र केस, छान दिसत होते, आणि प्रिंट आल्यावर माझा असिस्टंट कानात म्हणतो, "ताई, आजोबा जांभळे झालेत." खरंच केसांना जांभळट छटा आलेली. गंमत अशी की आजोबा आधी हिरवे झाले होते. पडद्यावर पडलेला उजेड हिरवा होऊन उलटा फिरतो आणि माणसाच्या कडांवर, केसांवर, खांद्यांवर, हनुवटीखाली बसतो, त्याला स्पिल म्हणतात. काळ्या केसांवर तो लपतो, पांढऱ्यावर लगेच दिसतो. सॉफ्टवेअर तो हिरवा काढायला जातं आणि जास्त काढलं की उरतो त्याच्या विरुद्धचा रंग, मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, अंतरात शोधा. माणूस पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे पाहिजे. आता कोणी म्हणेल की अंतर दुप्पट केलं की उजेड पावपट होतो हा नियम आहेच की, तर तो छोट्या सोर्सला लागू होतो, पडदा हाच एक भलामोठा सोर्स असल्यामुळे स्पिल तितक्या झटकन कमी होत नाही. म्हणून अंतराबरोबर दुसरी गोष्ट करायची जी फारसं कोणी सांगत नाही, हिरव्याचं क्षेत्रफळच कमी करा. हिरवा फक्त माणसाच्या कडेमागे लागतो, फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत नाही, बाकीचं तर क्रॉपनेच उडवता येतं. कंबरेपर्यंतचा फोटो असेल तर जमिनीवर हिरवं कापड कशाला पसरायचं? गुंडाळून ठेवा, बाजूचं काळ्या कापडाने झाका, निम्मा त्रास तिथेच संपतो.

पडद्याला स्वतःचे वेगळे लाईट द्यायचे, आणि ते एकसारखे पडले पाहिजेत. इथे लोक उलटं करतात, पडदा जितका झगझगीत तितकं बरं असं समजून लाईट वाढवतात, पण हिरवा जास्त एक्सपोज झाला की फिका पडतो आणि स्पिल वाढतो तो वेगळाच. चेहऱ्याइतकाच किंवा अर्धा स्टॉप कमी, बस (स्टॉप म्हणजे उजेड मोजायचं माप, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आणि सुरकुत्या! प्रत्येक सुरकुती म्हणजे एक गडद हिरवा आणि एक फिका हिरवा. साधं सुती कापड घडी करून बॅगेत कोंबून नेलं की इस्त्रीला बसावं लागतं, त्यापेक्षा ताणलं जाणारं कापड किंवा कागदाचा रोल बरा. चमकणारं सॅटिन मात्र कधीच नको.

हिरवाच का, हे मला सारखं विचारतात. एक म्हणजे कातडी कुठल्याही वर्णाची असो, तिच्यात लाल-पिवळ्याकडचे रंग असतात, हिरवा त्यांच्यापासून लांब. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर कोडॅकमधल्या ब्राइस बेयरने शोधलेली रंगांची जाळी असते, तिचं पेटंट 1976 चं, आणि त्या जाळीत दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती दुप्पट, कडा जास्त स्वच्छ. आणि हो, RAW म्हणतात ते कच्च्या फाइलचं सेटिंग चालू ठेवा, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती बऱ्याचदा निम्मी नाहीतर पाव करून ठेवलेली असते, ब्राइटनेस तेवढा पूर्ण असतो. एरवी डोळ्याला फरक कळत नाही पण क्रोमा तर रंगावरच कापायचा असतो, मग केसांच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. फोटोबूथला जेपेगशिवाय इलाज नसतो, ते ठीक.

पण हिरवा म्हणजे काही देव नाही. मागे रात्रीचं शहर किंवा आकाश लावायचं असेल तर निळा पडदा घ्या, जो थोडाफार स्पिल राहील तो निळसर, आणि तो तिथे खपून जातो. तसंच मागे बाग-जंगल असेल तर हिरवा स्पिल आपोआप पानांचाच वाटतो. सोनेरी केसांनाही निळा बरा पडतो. बघा, परत तेच, मागे काय आहे ते आधी ठरवा.

आता मुख्य मुद्दा, कारण खरं घोडं इथे अडतं. मागचा फोटो उघडा आणि त्यातल्या सावल्या बघा. सावल्या उजवीकडे पडल्यात म्हणजे उजेड डावीकडून, मग तुमचा मुख्य लाईट डावीकडे. सावलीची कड धारदार आहे म्हणजे कडक ऊन, तिथे मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लावलात तर पितळ उघडं पडलंच. ढगाळ दिवस असेल तर उलटं, मोठा मऊ उजेड वरून. सूर्यास्त पाठीमागे असेल तर पाठीमागून केसांवर-खांद्यांवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेला लाईट पाहिजे आणि चेहरा थोडा अंधारातच पाहिजे, इथे कस्टमर कुरकुरतात, "चेहरा जरा उजळ करा ना", तर करा थोडा, पण थोडाच.

उजेडाच्या खालोखाल क्षितिज. हे एकदा समजलं की आयुष्यभर कामाला येतं. सपाट जमिनीवर कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर क्षितिजाची रेघ उभ्या माणसाला कापते. मी छातीच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढला तर समुद्राची रेघ माणसाच्या छातीवरूनच गेली पाहिजे, माणूस जवळ असो की लांब. बॅकग्राउंड बसवताना ती रेघ गुडघ्यावर आली की माणूस राक्षस दिसतो, डोक्याच्या वर गेली की बुटका. बहुतेक लोक रेघ "छान दिसते तिथे" ठेवतात. आणि पूर्ण उंचीचा फोटो असेल तर पायाखालची सावली, तीही बुटाच्या तळव्याला चिकटलेली बारीक गडद सावली, ती नसेल तर माणूस तरंगतो. म्हणून मी आजकाल पूर्ण उंचीचं काम शक्यतो टाळतेच, कंबरेपर्यंत घेते आणि सुखात राहते.

मागचा फोटो जरा ब्लर करायला विसरू नका, माणूस स्टुडिओतला आणि मागे दोन मैलांवरचं झाड पान न् पान स्पष्ट, असं पोर्ट्रेटमध्ये सहसा नसतं. माणसाचा फोटो मात्र लेन्सचं छिद्र जरा लहान ठेवून, एफ 8 च्या आसपास काढा, सगळ्या कडा शार्प आल्या की कटिंग सोपं, ब्लर नंतर मागच्याला देता येतो. आणि शेवटी दोघांवर मिळून थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाकायचा, एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखं वाटतं.

इव्हेंटला काय काय होतं त्याची तर यादीच नको. हिरवे कपडे पडद्याबरोबर गायब होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण चष्मे कोणाच्या लक्षात येत नाहीत. अँटी-ग्लेअर काचेवर बऱ्याचदा मुळातच हिरवट चमक असते, सॉफ्टवेअरला वाटतं हा पडदाच, आणि डोळ्यांच्या जागी समुद्र दिसतो. मान जराशी खाली करायला सांगितली की चमक जाते. टिकल्या-सिक्विनचे कपडे म्हणजे शेकडो छोटे आरसे. ग्रुप फोटोत कंबरेवर ठेवलेल्या हाताच्या त्रिकोणात हिरवा राहून जातो. आणि गर्दी झाली की लोक मागे सरकत सरकत पडद्याला टेकतात, मग सावली, मग स्पिल, मग परत आजोबा जांभळे. जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा, "पाय इथे". हिरव्या कपड्यांसाठी निळा पडदाही गाडीत असू द्या.

राहिला प्रश्न की आता एआय एका क्लिकमध्ये कटिंग करतं तर हे सगळं हवंच कशाला. खरंय, एका माणसाचा साधा हेडशॉट असेल तर मी क्रोमा लावतच नाही, करड्या कागदासमोर काढते. करड्याचा स्पिल करडाच, कोणाला दिसत नाही, आणि केस कापायला आजची सॉफ्टवेअरं पुरतात. ऑफिसच्या टीमचे फोटो असेच करते, लाईटची उंची, अंतर, कॅमेऱ्याची उंची सगळं वहीत लिहून ठेवते, सहा महिन्यांनी नवीन कोणी आलं की तोच सेटअप लावून त्याच रांगेत बसवता येतं. पण पातळ झिरझिरीत ओढणी, काचेचा ग्लास, वाऱ्याने उडणारे केस, तिथे एआय अजून अंदाजपंचे मारतं, आणि फोटोबूथला भराभर डझनभर माणसं एका फ्रेममध्ये येतात तिथेही क्रोमाच बरा. उजेडाचं मात्र दोन्हीकडे तेच, कटिंग कोणी केलं याने सावली दिशा बदलत नाही. हल्लीची काही ॲप चेहऱ्यावरचा उजेडही नंतर बदलून देतात, वापरून बघितली, नाक मेणाचं होतं.

तसं हे खोटं बॅकग्राउंड काही आजचं नाही. 1839 साली ज्याची फोटोग्राफी जगासमोर आली तो दागेर मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, आणि नंतर स्टुडिओवाल्यांनी मागे रंगवलेले डोंगर आणि खांब लावलेच. पण तेव्हा पडदा आणि माणूस एकाच खोलीत, एकाच उजेडात असायचे, म्हणून पडदा खोटा आहे हे दिसत असूनही तो फोटो डोळ्याला खुपत नाही.

तर त्या मुलीला मी उलट विचारलं, मागे काय लावणार आहेस ते पाठव. तिने जुन्या लायब्ररीचा फोटो पाठवलाय, सुरेख आहे, डावीकडे उंच खिडकी, तिच्यातून तिरका उजेड पुस्तकांवर पडलेला. सोबत तिच्या सेटअपचाही फोटो आहे, त्यात दोन्ही लाईट समोर, सारख्या उंचीवर, आणि खुर्ची पडद्याला चिकटून. उजवीकडचा बंद कर आणि खुर्ची पुढे घे एवढंच लिहिलं मी. अजून निळी टिक आलेली नाही.