दारं रस्त्याकडे नसलेलं शहर

चंडीगडची सगळी तारीफ गाडीत बसलेल्या माणसांनी केलेली आहे, असं माझं ठाम मत झालंय. आम्ही चाललो. सेक्टर 22 मधल्या लॉजवरून निघून 33 आणि 34 च्या मधल्या रस्त्याला लागलो आणि पुढचा पाऊण तास मला एकाही घराचं दार दिसलं नाही. झाडं सुंदर, पदपथ रुंद, चौकातली वर्तुळं फुलांनी भरलेली. आणि झाडांमागे भिंती. भिंत संपली की दुसरी भिंत. एक चहाची टपरी नाही, उंबऱ्यावर बसून आपल्याकडे बघणारं एक माणूस नाही. नवरा म्हणाला, "अगं, हे मुद्दाम केलंय." मुद्दाम केलंय म्हटल्यावर मला जास्तच राग आला.

तो आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढतो, त्यामुळे ही सहल मुळात त्याची. चालता चालता त्याने मला सगळं ऐकवलं. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. आधी आल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजकाने पानासारखा आराखडा काढला, त्यात रस्ते वळणावळणाचे होते. त्याचा जोडीदार मॅथ्यू नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात गेला. मग पंजाब सरकारचे अधिकारी पी. एल. वर्मा आणि पी. एन. थापर युरोपात जाऊन नवा वास्तुकार शोधून आले. 1951 च्या फेब्रुवारीत ल कॉर्बुझिए आला आणि त्याने ती वळणं सरळ केली. सेक्टर साधारण 800 मीटर बाय 1200 मीटरचा. रस्त्यांचे सात प्रकार, V1 ते V7. त्यात सेक्टरांच्या मधून जोरात वाहणारा तो V3, ज्यावर कुठल्याच घराचं दार उघडायचं नाही असा नियम. दुकानं सेक्टरच्या पोटातून जाणाऱ्या V4 वर, तीही सावलीच्या एकाच बाजूला. पायी चालणाऱ्यांसाठी V7, हिरव्या पट्ट्यातून.

"म्हणजे चालणाऱ्याचा विचार केलाय," नवरा म्हणाला.

केलाय की. पण सेक्टरच्या आत. शाळेत जाणारं पोर, भाजी आणायला निघालेली बाई, यांनी आपल्या चौकटीत सुखाने चालावं. एका चौकटीतून चौथ्या चौकटीत पायी जायचं कोणाच्या मनात येईल, हे बहुधा कागदावर आलंच नसावं. शहर डोकं, हृदय, फुप्फुसं, हात असं शरीरासारखं कल्पलेलं आहे: सेक्टर 1 डोकं, 17 हृदय. चालून चालून माझे पाय मोडले, तेव्हा त्या शरीराचे पाय कुठे आहेत, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

आदल्या दिवशीचा कॅपिटॉल, म्हणजे विधानसभा-न्यायालयाचा परिसर, मी थोडक्यात उरकते, कारण तो बघायला जाणारे सगळे त्यावरच लिहितात. ओळखपत्र दाखवून गाइडच्या मागोमाग फिरायचं. उच्च न्यायालयाच्या दर्शनी भागातले हिरवा, पिवळा, लाल असे तीन प्रचंड खांब मला खरंच आवडले. काँक्रीट इतकं आनंदी असू शकतं हे मला माहीत नव्हतं. 'उघडा हात' हे तिथलं शिल्प वाऱ्यावर फिरतं, पण आम्ही होतो तेव्हा वारा नव्हता. तो हात 1985 मध्ये उभा राहिला, कॉर्बुझिए जाऊन 20 वर्षं झाल्यावर. माणसांनी मोकळेपणी एकत्र यावं म्हणून आखलेलं ते विस्तीर्ण पटांगण आता पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या बंदोबस्तात आहे आणि एकत्र आलेलो आम्ही पर्यटक शिस्तीत दोन रांगांत चालत होतो. संध्याकाळी सुखना तलाव. भेळ बरी नव्हती.

तर 45 च्या जवळ आलो. नकाशात सेक्टर 45 बाकीच्यांसारखाच चौकोन आहे. पण मुख्य रस्त्यावरून एक गल्ली आत वळते आणि दहा पावलांत सगळा कारभार बदलतो. हे बुडैल. चंडीगडच्या आधीपासूनचं गाव. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांवरच्या बाया एकमेकींना वाटी देऊ शकतील. चार-चार, पाच-पाच मजले, वर तारांची जाळी, खाली सोनार, शिंपी, मोबाइलवाला, जिलबीची कढई. एक ई-रिक्षा अडकली होती आणि तिच्यामागे बुलेटवाला हॉर्न वाजवत होता. दोघं जण लोखंडी कपाट उचलून आणत होते, त्यांना वाट द्यायला दुकानदाराने स्वतःची स्कूटर गटारावर चढवली. आणि प्रत्येक घराला दार होतं. रस्त्यावर उघडणारं, उंबरा असलेलं, पडदा उडणारं दार.

एका दाराशी मंजीवर, म्हणजे खाटेवर, बसून एक आजी मटार सोलत होत्या. मी नुसती थबकले, तर म्हणाल्या, "बैठ जा बेटा, थक गई है." बसले. नवरा उभाच राहिला, त्याला अशा ठिकाणी बसायला संकोच वाटतो. "कहाँ से?" म्हटल्यावर मी नवी मुंबई सांगितलं. आजींना ते कळलं नाही, पण आतून त्यांचा मुलगा बाहेर आला. ट्रक चालवतो. "वाशी मंडी? चार बार माल छोड़ा है वहाँ," तो म्हणाला आणि मला वाशीच्या मार्केटातल्या ट्रक टर्मिनलवरचे खड्डे माझ्याहून नीट सांगितले. "वहाँ भी सेक्टर हैं ना? ऐसे ही?"

ऐसे ही. मग आजींनी मटाराच्या शेंगेनेच पलीकडे बोट दाखवलं, जिथून आम्ही आलो होतो त्या रस्त्याकडे. "वो सब हमारा गेहूँ था."

आजींशेजारी बसून राहण्याचं खरं कारण इथे सांगायला हवं. माझं माहेर शिरवण्याचं. नेरूळ सेक्टर 1 मधलं शिरवणे गाव. माझ्या लहानपणी बाहेरचे लोक विचारायचे, "तू सेक्टरमध्ये राहतेस की गावात?" आणि गावात म्हटलं की त्यांचा चेहरा जरा बदलायचा. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईवरचा भार खाडीपलीकडे न्यायची कल्पना मांडली, 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, 95 गावांची जमीन घेतली गेली. 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, पाच जण गोळीबारात गेले आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आमच्या वाट्याचा साडेबाराचा तुकडा बाबांनी बिल्डरला दिला. घर गावठाणातच राहिलं. भावांची लग्नं झाली, घर वर चढत गेलं. याला आमच्याकडे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती नियमित करण्याचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत नव्याने मिळतं.

बुडैलमध्ये त्याच गोष्टीला लाल डोरा म्हणतात. महसुली नकाशावर वस्तीभोवती ओढलेली लाल रेघ. रेघेच्या आत गाव, बाहेर शेत. शेत गेलं, रेघ राहिली. आतल्या घरांना शहराच्या बांधकामाच्या नियमांची सवय कधी लागली नाही, बाहेर चार विटा चढवल्या तर नोटीस. कुटुंबं वाढली तशी घरं आकाशाकडे गेली आणि वरच्या खोल्यांमध्ये आता भाडेकरू राहतात: सेक्टरमधल्या बंगल्यांत स्वयंपाक करणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक, नर्सिंगच्या मुली. आखीव शहर चालवणारी माणसं आखणीबाहेरच्या गल्लीत झोपतात. ट्रकवाल्याला मी आमच्या शिरवण्याचं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, नुसता म्हणाला, "तो आपके पिताजी को भी नोटिस आता है?"

येतं.

चहा झाला. पैसे विचारायची हिंमत मी केली नाही. नवरा गल्लीबाहेर पडल्या पडल्या म्हणाला की इथे आग लागली तर बंब आत येणार नाही, खालच्या मजल्यावर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो आणि आपण असल्या घरात एक आठवडा काढू शकणार नाही. खरं आहे. मी तर 20 वर्षं काढलीत, मला त्या अंधाराचं कौतुक नाही. 22 मधली जी सकाळची हवा आहे, ती शिरवण्यात कधी नव्हती. पण मग वाद झालाच. त्याचं म्हणणं, गाव आधीच उठवून लोकांना नीट प्लॉट दिले असते तर हे झालं नसतं. पहिल्या टप्प्यात, 30 व्या सेक्टरपर्यंत, तसंच केलं होतं: गावं उठवली. दुसऱ्या टप्प्यात काही गावं सेक्टरच्या पोटात ठेवली. मी म्हटलं, उठवलेल्यांचं काय झालं ते कोणत्या ड्रॉइंगमध्ये आहे? त्यावर तो दोन वर्तुळं गप्प होता. मग रिक्षा केली.

त्याला खूश करायला मी एक गंमत मान्य केली: वरखाली लागून असलेल्या बऱ्याच सेक्टरांची बेरीज 13 च्या पटीत येते. 4 आणि 9, 9 आणि 17, 17 आणि 22. आणि 13 नंबरच मुळात नव्हता. 2020 मध्ये मनीमाजराला तो आकडा चिकटवला. म्हणजे वगळलेला आकडा शेवटी एका जुन्या गावालाच मिळाला, हे मी लगेच निदर्शनास आणलं.

शेवटच्या दिवशी रॉक गार्डन. रविवारी जाऊ नका, कारण मी गेले आणि माणसांच्या धक्क्यानेच बाहेर आले. नेकचंद हा रस्ते निरीक्षक. 1957 पासून तो जंगलात लपूनछपून दगड, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा साठवत राहिला. शहर बांधताना पाडलेल्या घरांचं, गावांचं भंगार त्याने उचललं आणि त्यातून आपलं वेगळंच राज्य उभं केलं. सरकारला 1970 च्या दशकात पत्ता लागला, तेव्हा पाडायच्या ऐवजी त्यालाच तिथे नेमलं आणि 1976 मध्ये बाग लोकांना खुली झाली. तिथल्या वाटा मुद्दाम अरुंद, दारं इतकी बुटकी की वाकावं लागतं, पुढच्या वळणावर काय आहे ते कळत नाही. सरळ रेघांच्या चौकटींच्या, म्हणजे ग्रिडच्या कडेला बसून त्याने ग्रिडचं नाक कापलंय आणि शहराला त्याचा अभिमानही आहे. बांगड्यांच्या काचेच्या बाहुल्यांपुढे सगळे फोटो काढत होते. मीही काढले. ही काच, ही कौलं, हे मडक्यांचे तुकडे कोणत्या गावांतून आले, त्या गावांची नावं लिहिलेला फलक मी शोधला. मला दिसला नाही. मागून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, आगे चलिए, लाइन है."

नवऱ्याला धबधबा आवडला.