नाटक लिहायचं होतं म्हणून घरात व्हाइटबोर्ड लावला, त्याचा अनुभव

ब्रह्मपुरी-वडसाच्या पट्ट्यातले लोक असाल तर झाडीपट्टीचं नाटक काय असते हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, आमच्या पूर्व विदर्भात दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगावी मंडप पडते, रात्री नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते, गाणी पाहिजेत, रडणं पाहिजे, कॉमेडी तर पाहिजेच पाहिजे. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं लाईनीनं आहेत, तिथं जाऊन गाववाले नाटक बुक करतात. २०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तर आमच्याकडे घरचाच माणूस दिल्लीला गेल्यासारखी चर्चा होती. तर यंदा आमच्या मंडळानं ठरवलं की कंपनी बोलवायची ती बोलवू पण एक रात्र आपलं स्वतःचं नाटक करू, आणि लिहायचं काम आलं माझ्याकडं, काऊन की मी दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो आणि गणपतीत दोन-चार प्रहसनं लिहिली होती. लोकांच्या मते फॉर्म भरणारा माणूस काहीपण लिहू शकते.

वहीत लिहून पाहिलं. वहीची गोष्ट अशी आहे की पहिल्या पानावर जे सुचलं त्यालाच आपण धरून बसतो, खोडाखोड झाली की जीवावर येते, आणि मागच्या पानावर काय लिहिलं ते पुढच्या पानावर दिसत नाही. माझ्या डोक्यात विषय लय होते पण एकाचाही दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता.

बोर्ड मिळाला तो असा, तालुक्याला एक ट्युशन क्लास बंद पडला, त्यांचं सामान निघत होतं, त्यात चार बाय तीनचा व्हाइटबोर्ड होता. जुना, मेलामाईनचा, कोपऱ्यात कुणाचं तरी त्रिकोणमितीचं सूत्र पुसट दिसतंच आहे अजून. हे मेलामाईनचे बोर्ड वापरून वापरून घासले गेले की शाई आत धरतात, मग किती पुसा, सावली राहते. नवीन घेणार असाल आणि परवडत असेल तर सिरॅमिकवाला घ्या, तो वर्षानुवर्षं साफ राहतो. मोटरसायकलवर मागं मित्राला धरून बसवून आणला आणि पडवीत खिळे ठोकून टांगला. शेजारचे काकाजी लगेच विचारून गेले, "काय गा, पोट्टे शिकवाले लागला का आता?"

पहिल्या दिवशी मंडळाचे सगळे पडवीत जमले आणि काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक जण बोलला, बाकीच्यांनी माना हलवल्या. जो जोरात बोलते त्याचीच कल्पना बोर्डावर. मग मी मोबाईलवर थोडं वाचलं. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना काढायच्या, ही भानगड अॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं काढलेली, १९४०-५० च्या काळात, आणि त्याचे नियम साधे होते: कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, अचाट सुचलं तर अजून बरं, जितक्या जास्त तितकं चांगलं, आणि एकाच्या कल्पनेला दुसऱ्यानं पुढं न्यायचं. ऐकायला छान आहे. पण १९५८ ला येल विद्यापीठात तपासून पाहिलं तर चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्याच्यापेक्षा चौघं वेगवेगळे बसले तर मिळून जास्त निघतात. मला हे वाचून आमचीच मीटिंग आठवली. म्हणून पुढच्या वेळी सगळ्यांना दुकानातल्या झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदाचे तुकडे दिले, गप बसून लिहा म्हटलं, नाव टाकू नका, आणि मग एकेक वाचून मीच बोर्डावर चढवले. जो पोरगा कधी तोंड उघडत नाही त्याच्या चिठ्ठीत (अक्षरावरून ओळखलं) सगळ्यात भारी गोष्ट निघाली.

बोर्डावर आलेलं असं होतं: वाघ. धानाचा बोनस. दोन भावांची वाटणी. पुण्याला कंपनीत लागलेली पोरगी. गोसीखुर्द धरणाचं पाणी, ज्याचं भूमिपूजन १९८८ चं, माझ्या जन्माच्या आधीचं, आणि कालव्याच्या नावानं आमच्याकडं अजून वाद. सोशल मीडियावर प्रसिद्ध व्हायला निघालेला सरपंचाचा पोरगा. आणि त्या गप्प पोराचं, "कॅमेरा ट्रॅपमध्ये दारूवाला". म्हणजे वाघाचे फोटो काढायला जंगल खातं झाडाला कॅमेरे बांधते ना, त्यात रात्री मोहाची दारू घेऊन जाणारा माणूस येतो, असं.

हे सगळं तसंच ठेवलं, पुसलं नाही, आणि बोर्डाचा खरा फायदा मला इथं कळला. येता-जाता दिसत राहते. सकाळी दात घासताना दिसते, जेवताना दिसते, लाईट गेली तरी टॉर्च मारला की दिसते. "वाघ" डाव्या कोपऱ्यात होता आणि "वाटणी" उजव्या खालच्या कोपऱ्यात, दोन्हीचा काही संबंध नाही, कितीतरी दिवस तसेच होते. आमच्या जंगलपट्टीत वाघाचं काय ते नवीन नाही, उन्हाळ्याच्या तोंडी बाया मोहफुलं वेचायला पहाटे जातात आणि मग बातमी येते. माणूस गेला तर घरच्यांना सरकारकडून २५ लाख मिळतात, काही हातात आणि बाकीचे बँकेत ठेव म्हणून. हे आठवलं आणि मार्कर घेऊन डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक लांब बाण ओढला. नवरा वाघानं नेला, पैसे विधवेच्या नावावर येणार, आणि आतापर्यंत ज्यांनी वाटणीत धानाची एक बांधी (शेताचा तुकडा) दिली नाही ते सगळे दीर-जाऊ अचानक वयनी-वयनी करत दारात. नाटक मिळालं. वहीत हा बाण ओढता आला नसता, कारण दोन्ही शब्द वेगवेगळ्या पानांवर असते.

मग फोटो काढला आणि सगळं पुसलं. फोटो काढल्याशिवाय पुसायचं नाही हे पक्कं. आता बोर्डाचे तीन भाग केले, तीन अंकांसाठी. काळ्यानं काय घडते ते, निळ्यानं पात्राचं नाव, लाल म्हणजे प्रश्न, हिरवं म्हणजे गाणं नाहीतर कॉमेडी. मध्ये भावाच्या पोरीनं मोठ्या प्रेमानं वाघाचं चित्र काढलं, ते परमनंट मार्करनं. घरात आरडाओरडा. उपाय सोपा आहे, त्या रेषांवरूनच साधा बोर्डचा मार्कर गिरवायचा आणि ओलं असतानाच पुसायचं, त्याच्या शाईतल्या सॉल्व्हंटनं जुनी शाई सुटते. सॅनिटायझरनंपण जाते. आणि मार्कर उभे ठेवू नका, आडवे ठेवा, नाहीतर शाई एका टोकाला जाऊन बसते आणि नवाकोरा मार्कर फिका लिहायला लागते.

लांबून पाहिलं तर दुसऱ्या अंकात हिरवं काहीच नव्हतं. नुसतं काळं आणि लाल, ऑफिसचे चकरा, बँकेत सही, भांडण. झाडीपट्टीत रात्री दोन वाजता असा अंक चालवला तर लोक चहा प्यायला उठतात ते परत येत नाहीत. मग कॅमेरा ट्रॅपवाला दारूवाला तिथं बसवला. त्यानं वाघ पाहिलाय, तोच साक्षीदार आहे, पण सांगायचं तर आपण रात्री जंगलात काय करत होतो हेपण सांगावं लागते. हा माणूस लिहिताना मी एकटाच हसत होतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र मायनं पकडली. माय पडवीत तांदूळ निवडत बसली होती, मधून मधून बोर्डाकडं पाहत होती, ती सावकाश अक्षर लावून वाचते. एकदम म्हणाली, "हे बाई मधात कुठं गेली रे?"

मी म्हटलं कोणती बाई.

"जिचा नवरा गेला ते. पयल्यात आहे, शेवटी आहे. मधात तर सगळे बाप्येच भांडून राह्यले."

पाहिलं तर खरंच. निळ्या रंगात तिचं नाव पहिल्या भागात, मग एकदम तिसऱ्यात. पैसे तिचे, नवरा तिचा, आणि अख्ख्या अंकात तिला एक वाक्य नाही. मंडळातल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं, आम्ही सगळे बाप्येच होतो ना. मायला विचारलं ती काय करेल मग, तर निवडता निवडताच म्हणाली, "जाईन ना ते मोहा वेचाले. घरात बसून दिवस जाते का." म्हणजे ज्या जंगलात नवरा गेला तिथंच. ते मी तसंच्या तसं निळ्यानं मधोमध लिहिलं. आता दुसरा अंक त्याच्याभोवतीच फिरते.

बोर्डाचा एक त्रास पण सांगतो. बोर्ड भरला की वाटते लिहून झालं. लोक येतात, पाहतात, वा वा करतात, आणि संवाद एकपण लिहिलेला नसतो. बोर्डावर "भांडण" असा एक शब्द आहे पण ते भांडण पानभर लिहायला बसलं की घाम फुटते. म्हणून मी आता एका वेळी एकच प्रवेश बोर्डावर ठेवतो, तो वहीत पूर्ण उतरला की मगच पुसतो.

सध्या पहिला अंक झालाय, दुसरा अर्धा. तालमी धान निघाल्यावर, तोपर्यंत कुणाला वेळ नाही. बाईच्या भूमिकेसाठी वडश्याहून कलाकार आणायची का गावातलीच कुणी तयार होते यावर मंडळात दोन गट पडले आहेत. वाघ स्टेजवर दाखवायचा नाही एवढं ठरलं, नुसता आवाज, जरी सरपंचाच्या पोरानं कातडं घालून स्वतः वाघ व्हायची तयारी दाखवली होती तरी. साउंडवाल्याशी बोलणं बाकी आहे.