राजाचे दान आणि विश्वस्तांचा जमाखर्च

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा पुतळा आहे. १७०२ साली बांधलेल्या या द्वाराकडे पाहणाऱ्याला हे रुग्णालय राजाच्या औदार्यावर उभे राहिले असे वाटणे स्वाभाविक आहे. एका लहान धर्मादाय न्यासाचे हिशेब मी काही वर्षे पाहिले आहेत, आणि त्यामुळे कोणत्याही दानाची कथा ऐकली की पुढच्या वर्षीचा खर्च कोणी भागवला, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो.

रुग्णालयाची स्थापना ११२३ सालची. हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा शेजारचा मठ १५३९ मध्ये बंद झाला आणि रुग्णालयाचे उत्पन्न तुटले. शहराने वारंवार विनंती केल्यानंतर डिसेंबर १५४६ मध्ये करार झाला: शंभर गरीब रुग्णांच्या सोयीसाठी राजा वर्षाला ५०० मार्क उत्पन्नाची मालमत्ता देईल आणि तेवढीच रक्कम लंडन शहर स्वतः उभी करील. एक मार्क म्हणजे पाउंडाचा दोन तृतीयांश भाग, म्हणून प्रत्येकाचा वाटा सुमारे ३३३ पाउंडांचा होता. राजाने दिलेली मालमत्ता बहुतांशी पूर्वी रुग्णालयाचीच होती, म्हणजे जे काढून घेतले तेच दान म्हणून परत आले, आणि पुतळा मात्र त्याचा उभा राहिला. ही गोष्ट मला आजही खटकते.

हाती आलेली घरे मोडकळीला आलेली होती आणि अंथरूण-पांघरूण जेमतेम तीन-चार जणांपुरते होते. शहराने आपला वाटा आधी चर्चमधून गोळा होणाऱ्या ऐच्छिक वर्गणीतून उभा करण्याचा प्रयत्न केला, पण ती पुरेना, तेव्हा १५४७ मध्ये नागरिकांवर सक्तीची पट्टी बसवण्यात आली. गरिबांसाठी सक्तीने पैसा गोळा करण्याचा इंग्लंडमधला हा अगदी आरंभीचा प्रयोग मानला जातो.

पट्टी आली की संशयही येतो. रस्त्यावर आजारी माणसे अजून दिसतात, मग पैसा जातो कुठे, अशी कुजबुज लंडनमध्ये सुरू झाली. विश्वस्तांनी १५५२ मध्ये कारभाराची नियमावलीच छापून प्रसिद्ध केली, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच कृती. विश्वस्त १२ होते, त्यांतले ४ आल्डरमन, म्हणजे शहराच्या कारभारातले वरिष्ठ सदस्य, आणि ८ नगरसभेतले. पैशाचा हिशेब ठेवणारा कोषाध्यक्ष, मालमत्तेची पाहणी करणारे, रुग्णांच्या गरजा व वस्तूंवर लक्ष ठेवणारे अशी कामे वेगवेगळ्या माणसांकडे होती. भाडेवसुलीसाठी स्वतंत्र कारकून होता. मेट्रन, परिचारिका, द्वारपाल आणि रस्त्यावर फिरणारे रखवालदार यांची कर्तव्येही नेमून दिली होती. ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती सगळी देखरेख नसावी, हे शहाणपण त्या व्यवस्थेत दिसते. पुढे ईस्टरच्या सुमारास होणाऱ्या सार्वजनिक प्रवचनांच्या वेळी शहरातील रुग्णालयांनी किती जणांना बरे केले आणि किती जण अजून उपचार घेत आहेत, याचे वार्षिक अहवाल छापले जाऊ लागले.

तरीही मुख्य आधार भाड्याचाच राहिला, आणि तो किती नाजूक होता हे १६६६ च्या आगीने दाखवले: रुग्णालयाची इमारत वाचली, पण ज्यांच्या भाड्यावर ते चालत होते ती शहरातली घरे जळाली. १७३० पासून जेम्स गिब्जच्या आराखड्यानुसार नव्या इमारती उभ्या राहिल्या त्या लोकवर्गणीतून. गिब्जने मोबदला घेतला नाही आणि विल्यम होगार्थने जिन्यावरची चित्रे विनामूल्य रंगवली. तिथल्या भव्य दालनाच्या भिंतींवर देणगीदारांची नावे लिहिलेली आहेत, आणि माझ्या दृष्टीने प्रवेशद्वारावरच्या पुतळ्यापेक्षा ती अधिक खरा इतिहास सांगतात.